गणपतीमागचं कागदी फुलांचं चक्र: तीन ते सात वर्षांची मुलं हाताशी घेऊन

रानजाई

आमच्या सोसायटीत पाच दिवसांचा सार्वजनिक गणपती बसतो. यंदा मूर्तीमागच्या पडद्यावर लावायचं फुलांचं गोल चक्र बिल्डिंगमधल्या छोट्या मुलांकडून करून घ्यायचं ठरवलंय. मुलं तीन ते सात या वयातली. मोठी मुलं ढोल-लेझीम, नाटुकली यांत असतात आणि ही चिल्लीपिल्ली "मला पण, मला पण" करत मागे फिरतात. त्यांना खरंखुरं काम मिळावं अशी फार इच्छा आहे.

डोक्यात जे आहे ते सविस्तर मांडते, म्हणजे कुठे अडेल ते तुम्ही सांगाल.

सांगाडा पुठ्ठ्याचा. फ्रीज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यायचा, मध्ये खिळा रोवून दोऱ्याला पेन्सिल बांधायची आणि ३० सेंमी व २० सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळं काढायची. मधला भाग काढला की १० सेंमी रुंदीचं कडं राहतं. अशी दोन कडी कापून एकमेकांवर चिकटवायची, मात्र पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थराच्या पन्हाळ्या एकाच्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील अशी. एकेरी पुठ्ठा पावसाळी हवेत दोन दिवसांत वाकतो, दुहेरी टिकतो. हे कटरचं काम पूर्णपणे मोठ्यांचं, मुलं समोर नसताना.

फुलं २१. कड्याच्या मधोमध परीघ साधारण १५७ सेंमी भरतो, म्हणजे साडेसात सेंमी रुंदीची २१ फुलं एका ओळीत बरोबर बसतात. दूर्वांच्या जुड्या २१, मोदक २१, म्हणून फुलंही २१ हवीत, हे मुलांनीच ठरवलं. आमच्याकडे सध्या एकवीसपर्यंत मोजायची मोठी चढाओढ चालू आहे.

फुलांच्या मध्ये हिरवी पानं आणि तीन पात्यांच्या दूर्वा.

आता प्रश्न. भाद्रपदातल्या दमट हवेत कुठला कागद तग धरेल? घरची मैद्याची खळ वापरावी की बाजारचा गोंद? तीन वर्षांच्या मुलाला नेमकं काय द्यावं? त्याच्या हातात कात्री देणं योग्य आहे का? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न: एकाच वेळी सगळी मुलं एका टेबलाशी बसवायची की वयाप्रमाणे गट करायचे?

काजवा

कल्पना छान आहे. एक शंका विचारतो, राग नसावा. गणपतीला खरी फुलं असताना कागदी का? लहान मुलांना झेंडू ओवायला दिला तर बोटांना तोच सराव होईल, शिवाय वासही कळेल.

रानजाई

राग कसला, काजवा! खरी फुलं देवाला आहेतच, हार रोज ताजा येतो. पण खरा झेंडू पाच दिवस पडद्यावर राहत नाही, दुसऱ्या दिवशी काळवंडायला लागतो, आणि या दिवसांत फुलांचे भाव कुठे जातात ते आपण पाहतोच. दुसरं म्हणजे, आधी आमच्याकडे मागे थर्माकोलची आरास असायची. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मागे नुसता पडदा असतो. त्या रिकाम्या जागेकडे पाहूनच हे सुचलं.

ओवण्याचं म्हणाल तर तेही करू. पण ओवलेला हार संध्याकाळी निर्माल्यात जातो. इथे मूल रोज आरतीला येऊन आपलं फूल जागेवर आहे की नाही ते बघणार.

बालवाडीताई

रानजाई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

गट करा, पण वयाप्रमाणे खोलीत वेगळे बसवू नका. टेबल नको, सतरंजी पसरा. तीन वर्षांचं मूल पाच वर्षांच्या मुलाचे हात बघून जेवढं शिकतं तेवढं आपण सांगून शिकत नाही. फक्त प्रत्येकाचं काम वेगळं ठेवा. माझी सगळी नोकरी पालघर जिल्ह्यात बालवाडीत गेली, तिथलं सांगते.

तीन वर्षं: फाडणे आणि चुरगळणे. या वयाच्या मुलाला कागद फाडू दिला तर तो किती गंभीरपणे फाडतो ते पाहा. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरून एक हात पुढे, एक हात मागे नेणं, हे त्याच्यासाठी मोठं काम आहे. पुढे पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. फाडलेल्या तुकड्यांचे गोळे करायला द्या. प्रत्येक फुलाच्या मधला गोंडा या गोळ्यांचा होईल. म्हणजे २१ फुलांपैकी एकही फूल तीन वर्षांच्या मुलाशिवाय पुरं होणार नाही.

चार वर्षं: बोथट टोकाची कात्री द्या. फक्त 'कच्' एवढाच एक काप. सलग रेषेवर कापणं अजून जमत नसतं आणि त्याची गरजही नाही. पाच सेंमी रुंदीची पट्टी द्यायची, एका कडेला बोटभर जागा सोडून रेघ मारायची आणि त्या रेघेपर्यंत कच् कच् झालर कापायला सांगायची. पट्टी गुंडाळली की झेंडू तयार. झालर कुठे जाड, कुठे बारीक येईल. खऱ्या झेंडूच्या पाकळ्या तरी कुठे मोजून लावलेल्या असतात?

पाच-सहा वर्षं: गुंडाळणं, दोऱ्याने बांधणं, पाकळी पेन्सिलीवर गोल फिरवून वळवणं. सहाच्या पुढची मुलं गोल कापू शकतात. त्यांना एक गोल कागद द्या, त्यावर गोगलगायीच्या शंखासारखी वळत जाणारी रेघ काढा, रेघेवरून कापत आत जायचं आणि बाहेरच्या टोकापासून गुंडाळत यायचं. सुंदर गुलाब होतो. मधली चकती तळाला चिकटवली की उलगडत नाही.

सात वर्षं: जास्वंद. बदामाच्या आकाराच्या पाच लाल पाकळ्या, मध्ये लाल कागदाची सुरळी आणि तिच्या टोकाला पिवळे ठिपके. गणपतीला लाल फूल प्रिय हे त्यांना घरी ऐकून माहीत असतं, त्यामुळे जास्वंद करायला रांग लागेल. म्हणून ती सगळ्यांत मोठ्या मुलांकडेच राहू द्या, नाहीतर छोटी रडतील.

एका बैठकीला अर्धा तास पुरे. चार वर्षांच्या मुलाचं लक्ष दहा-पंधरा मिनिटं टिकतं, मग उठून फिरतं, परत येतं. फिरू द्या.

खळीबद्दल: खळच करा. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन चकाकी आली की उतरवायची. या हवेत बाहेर ठेवलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते, फ्रीजमध्ये तीन दिवस राहते. एक गोष्ट ठामपणे सांगते. जुने लोक खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, पुस्तकबांधणीवाले तर हमखास. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात नको. ते विष आहे आणि या वयाची मुलं बोटं चाटतात.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली आमच्याच भागात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे त्यांच्या सहकारी अनुताई वाघांसोबत ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले, माती, जे आजूबाजूला मिळेल त्यातून मुलांचं शिक्षण उभं राहिलं. तुमच्या चक्राला लागणारं सगळं सामान शंभर-दोनशे रुपयांच्या आत आणि घरातल्या रद्दीत मिळेल. महागडे हस्तकलेचे संच आणू नका. त्यातल्या पाकळ्या आधीच कापलेल्या असतात. मग मुलाने करायचं काय?

दप्तर

कागदाचा धंदा आहे, त्यामुळे कागदाबद्दल बोलतो.

घोटीव कागद: एका बाजूने चकचकीत रंग, मागे पांढरा. पाकळी वळवली की मागचा पांढरा दिसतो आणि दुरंगी फूल छान वाटतं. पण खळ लावली की लगेच वळकटी होते. छोट्या हातांना आवरत नाही.

पतंगी कागद: दिसायला सगळ्यांत नाजूक, उजेड आरपार जातो. दमट हवेत मात्र मान टाकतो, आणि ओल्या बोटांनी रंग सुटतो. तीन वर्षांच्या मुलाला चुरगळायला उत्तम, चिकटवायला नाही.

क्रेप: झेंडूसाठी याला तोड नाही. त्याच्या बारीक सुरकुत्या एका दिशेने असतात आणि तो त्या सुरकुत्यांना आडवा ताणला जातो. झालरीची पट्टी कापताना सुरकुत्या पट्टीच्या रुंदीत, म्हणजे पाकळीच्या लांबीत यायला हव्यात. उलट कापली तर पाकळ्या लोंबतात आणि कात्रीत अडकतात. सोपी खूण म्हणजे बाजारातून आणलेली घडी उलगडायची नाही, तशीच टोकाकडून पाच-पाच सेंमीचे काप घ्यायचे. सुरकुत्या आपोआप बरोबर येतात आणि लांबच लांब पट्टी मिळते. फुलामागे अर्धा मीटर पुरते.

क्रेपचाही रंग ओला झाला की सुटतो, हातांना लागतो. म्हणून खळ क्रेपला लावू नका, पुठ्ठ्याला लावा आणि वर फूल दाबा. फुलाचा तळ दोऱ्याने बांधलेला असला की त्याला खळ लागतच नाही.

टिंट कागद: दोन्ही बाजूंनी रंग, अंगाने थोडा कडक. पानं, दूर्वा, जास्वंद, गुलाब यांसाठी हा. तुमच्या दमट हवेच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच: आकार धरणाऱ्या वस्तू टिंटच्या, फुलायच्या वस्तू क्रेपच्या.

आणखी एक. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वाकडंतिकडं. प्रत्येक कागदाला अशी उभी-आडवी नस असते. तीन वर्षांच्या मुलाला पट्ट्या फाडायला देताना आधी आपण कोपऱ्यात फाडून बघा आणि सरळ फाटेल त्या दिशेने कागद त्याच्या हातात द्या. काम जमलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला हे सगळे कागद घाऊक मिळतात. श्रावण संपता संपता भाव चढतात आणि केशरी क्रेप सगळ्यांत आधी संपतो. आत्ताच घेऊन ठेवा, पत्र्याच्या डब्यात झाकण लावून.

रानजाई

दप्तर, ताई, दोघांचेही किती आभार मानू! 'तीन वर्षांच्या मुलाशिवाय एकही फूल पुरं होणार नाही' हे वाक्य मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं. ज्यांनी "आमचा फार लहान आहे" म्हणून नाव दिलं नव्हतं त्यांनी लगेच दिलं.

मंडळाचा_माणूस

मी आमच्या मंडळात सजावट बघतो. सगळं पटतंय, पण एक व्यावहारिक अडचण मांडतो. सार्वजनिक गणपती म्हणजे पाहुणे येणार, फोटो निघणार, काही ठिकाणी आरास स्पर्धेचे परीक्षकही येतात. झालर वाकडी, फूल एका बाजूला कललेलं, मध्ये गोळा भलताच मोठा. लांबून बघणाऱ्याला ते लहान मुलांनी केलंय हे कळत नाही, त्याला फक्त गबाळं दिसतं. मुलांनी करावं आणि मग मोठ्यांनी रात्री बसून थोडं नीट करावं, यात काय वाईट?

बालवाडीताई

वाईट आहे. मुलाला ते कळतं. ज्या फुलाची झालर त्याने कापली त्यातली एकेक कापणी त्याला ओळखू येते. सकाळी त्या जागी दुसरं गुळगुळीत फूल दिसलं की ते काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी हात पुढे करत नाही. "तूच कर, तुझं छान येतं" म्हणतं. बालवाडीच्या भिंती सजवायच्या नादात हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की याबाबतीत मी मवाळ होऊ शकत नाही.

तुमची अडचण मात्र खरी आहे. देवापुढे नीटनेटकं असावं ही इच्छाही खरी. तिचं उत्तर फुलं बदलण्यात नाही, मोठ्यांनी आधी करायच्या तयारीत आहे.

रंग मोजके ठेवा. केशरी, पिवळा, पांढरा आणि पानांचा हिरवा. लाल फक्त जास्वंदीला, आणि जास्वंद फक्त पाच, कड्यावर सारख्या अंतरावर. मुलांच्या हाती बारा रंग दिले की वाकडेपणा उठून दिसतो. तीनच रंग असले की तोच वाकडेपणा फुलांचा भरगच्चपणा वाटतो. सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या कापून द्या म्हणजे फुलं साधारण एका मापाची होतात. कडं आधी हिरव्या कागदाने मढवून घ्या, मग कुठे फट राहिली तरी तपकिरी पुठ्ठा दिसत नाही. आणि फुलांच्या मध्ये पानं दाट लावा. पानं लावायचं काम मोठ्यांनी खुशाल करावं, त्यात मुलांचं काही जात नाही.

मंडळाचा_माणूस

रंगांचं पटलं. पाच जास्वंदी सारख्या अंतरावर म्हणजे लांबून नजरेला बांधणी मिळेल. खाली एक छोटी पाटी लावा, 'फुले: बिल्डिंगमधील बालगोपाळ'. परीक्षक पाटी वाचतात, हे अनुभवाने सांगतो.

पारिजात_७

माझी लेक साडेचार वर्षांची, डावखुरी. कात्री हातात घेतली की कागद कापला न जाता दोन पात्यांमध्ये दुमडतो आणि ती चिडते. शाळेत "हळूहळू येईल" म्हणतात. इथे कुणाला अनुभव?

बालवाडीताई

पारिजात, दोष तिच्या हाताचा नाही, कात्रीचा आहे. नेहमीच्या कात्रीचं वरचं पातं उजव्या बाजूला असतं. उजव्या हाताने दाबताना पाती आपोआप एकमेकांवर घट्ट बसतात. तीच कात्री डाव्या हाताने दाबली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कागद मध्ये शिरतो. शिवाय कापायची रेघ पात्यामागे लपते. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, तिची पाती उलट बसवलेली असतात. ती मागवून घ्या. दोन्ही हातांना चालते असं लिहिलेल्या कात्रीची नुसती मूठ दोन्हीकडे सारखी असते, पाती बहुधा उजवीच, म्हणून उघडून बघून घ्या.

उजव्या-डाव्या सगळ्यांसाठीच: अंगठा वर आकाशाकडे, कोपर अंगाला चिकटलेलं. आणि वळणावर कात्री फिरवायची नाही, दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. मुलांना सांगताना मी म्हणायचे, "कात्री सरळ चालते, वळतो तो कागद."

पारिजात_७

आत्ताच उघडून पाहिली, दोन्ही हातांची म्हणून घेतली होती आणि पाती उजवीच आहेत. मागवते.

शेवंती_नाशिक

माझ्या पुतण्याला हाताला चिकट काही लागलेलं सहन होत नाही. खळीत बोट घालायचं म्हटलं की तो उठून जातो. अशा मुलांसाठी काय करता येईल? त्याला यात घ्यायचंच आहे.

रानजाई

शेवंती, आमच्याकडेही एक मुलगी अशी आहे. तिच्यासाठी मी न चिकटवता होणारं फूल शोधलंय. पतंगी कागदाचे सहा तुकडे एकावर एक ठेवायचे, साधारण १२ गुणिले १८ सेंमीचे, आणि जपानी पंख्याच्या घड्या घालायच्या. मधोमध दोरा बांधायचा, दोन्ही टोकं कात्रीने गोल करायची आणि मग एकेक थर हळूच वर ओढत फुलवायचं. यात ओला हात लागतच नाही. थर वेगळे करताना कागद थोडा फाटतो, फाटू द्या, पाकळी अजून खरी वाटते.

खाली दोऱ्याची टोकं लांब ठेवायची आणि कड्याला भोकं पाडून तिथेच बांधायचं. भोकं आम्ही मोठ्यांनी आधीच दाभणाने पाडून ठेवणार.

बालवाडीताई

चांगलं आहे. खळ लावायला त्याला ब्रश किंवा पुठ्ठ्याची पट्टीही देऊन बघा, आणि शेजारी ओला पंचा ठेवा. केव्हाही हात पुसता येतो हे कळलं की काही मुलं आपणहून धीर करतात. नाही केला तरी बिघडत नाही. त्याला फुलं मोजून ओळीने मांडायचं काम द्या, कुठलं फूल कुणाशेजारी बसेल ते तो ठरवेल.

ऋतू_उलटा

मेलबर्नहून. आमच्याकडे गणपती वसंतात येतो. सप्टेंबर म्हणजे इथे झाडं फुलायची वेळ. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीसाठी मुलांसोबत असंच कडं केलं होतं, एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते.

इथल्या मुलांनी झेंडू फारसा पाहिलेला नसतो. ती रोज पाहतात ते वॅटल, पिवळ्या बारीक गोंड्यांनी लगडलेलं झाड. इथलं राष्ट्रीय फूल, १ सप्टेंबरला त्याचा दिवसही असतो. म्हणून आम्ही मुलांना विचारलं, तुम्हाला बाप्पाला कुठलं फूल द्यायचंय? बहुतेकांनी वॅटल म्हटलं. पिवळ्या पतंगी कागदाचे चिमुकले गोळे करून लांबट हिरव्या पानांवर ओळीने चिकटवले. तीन वर्षांच्या मुलांनी ते पूर्णपणे स्वतः केलं, आणि आजी-आजोबांनी येऊन विचारलं की हे कुठलं फूल, तेव्हा मुलांनी त्यांना सांगितलं. मुलांनी रोज पाहिलेलं एक तरी फूल त्यात असू द्या, मग ते सदाफुली असो की तगर.

रानजाई

हे फार आवडलं. आमच्या कंपाउंडला गोकर्णाची वेल आहे, मुलं तिची फुलं तोडून कायम ओरडा खातात. निळा रंग ताईंच्या यादीत नाही, पण पाच जास्वंदींच्या शेजारी पाच निळे गोकर्ण कसे दिसतील?

बालवाडीताई

दिसू देत. मुलांनी रोज तोडलेलं फूल आहे, त्याला जागा द्यायलाच हवी.

सातेरीचा_माळ

सिंधुदुर्गातून. आमच्याकडे आणि गोव्यात गणपतीवर माटवी बांधतात, गोव्यात तिला माटोळी म्हणतात. लाकडी चौकटीला सुपारीचा घड, नारळ, आंबाडे, चिबूड, रानातली फुलं-पानं बांधून वर टांगायची. ती बांधायला घरची मुलं रानात जातात आणि झाडं ओळखायला तिथेच शिकतात. तुमच्या कड्याच्या खालच्या अर्ध्या भागाला दोऱ्याने कागदी फळं टांगली तर? सहा-सात वर्षांची मुलं करतील.

पानांबद्दलही सुचवतो. एकच ठोकळेबाज हिरवं पान कापण्यापेक्षा पत्रीतली पानं गोळा करून टिंट कागदावर ठेवून कडेने गिरवायची. बेलाचं त्रिदळ, पिंपळाचं टोकदार पान, डाळिंब, जाई, तुळस, प्रत्येकाचा आकार वेगळा. मात्र गणपतीच्या २१ पत्रींमध्ये धोत्रा, कण्हेर आणि रुईही येतात. ही तिन्ही विषारी. कण्हेर आणि रुई तोडली की चीक येतो, डोळ्यात गेला तर त्रास होतो. ती पानं मोठ्यांनी पूजेला आणावीत, मुलांच्या सतरंजीवर येऊ देऊ नयेत.

रानजाई

हे मला सुचलंच नसतं. मुलांच्या यादीतून तिन्ही काढते. बेल, पिंपळ, जाई, तुळस आणि डाळिंब आमच्या आवारातच आहेत.

पाना_पक्कड

वायरिंगचं काम करतो. इथे एवढी माहिती जमली पण आगीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितोय. क्रेप आणि पतंगी कागद हे घरात सापडणाऱ्या सगळ्यांत लवकर पेट घेणाऱ्या वस्तूंपैकी आहेत. पातळ, हवा खेळती, आणि तुम्ही तर त्याची झालर केली आहे.

कडं मूर्तीच्या मागे आणि वर असेल. समई मूर्तीच्या पुढे ठेवतातच, पण ती कड्याच्या खाली सरळ रेषेत येणार नाही हे बघा, ज्योतीची धग वर जाते. कड्यापासून समई निदान दोन हात लांब. टांगलेली फळं लोंबत असतील तर अंतर त्यांच्यापासून मोजा. आरती ओवाळताना ताट वरपर्यंत नेलं जातं, कापूर भडकलेला असतो आणि पंखा चालू असतो. आरतीपुरता पंखा बंद ठेवा. मूर्तीजवळ कुणी नसेल तेव्हा समई एकटी तेवत ठेवू नका. पाण्याची बादली पडद्यामागे भरलेली असू द्या.

माळेचे दिवे लावायचे तर एलईडीच, जुने छोटे बल्ब तापतात. वायरचा जोड कड्याच्या मागे लपवू नका, जोड उघड्यावर, जमिनीपासून वर आणि कागदापासून दूर हवा. मंडपात पाणी गळत असेल तर त्या दिवशी माळ बंद.

मंडळाचा_माणूस

पाना_पक्कड यांचं म्हणणं तंतोतंत पाळा. आम्ही कड्यासारख्या सगळ्या कागदी वस्तू पडद्यावर बऱ्याच वर घेतो आणि समई एका बाजूला ठेवतो.

रानजाई

बरं झालं लिहिलंत. कड्याची जागा अजून ठरवायची होती. आता आधी समईची जागा ठरवू, मग कड्याची. टांगती फळं बाजूच्या खांबावर नेते, मूर्तीमागे नको.

काजवा

मी खऱ्या फुलांचा आग्रह धरला होता, आता माझ्या दोन्ही मुलांना घेऊन हे घरी करतोय. विसर्जनानंतर या कड्याचं काय करायचं? मूर्तीसोबत पाण्यात सोडायचं का?

दप्तर

पाण्यात मुळीच नको. क्रेपचा रंग पाण्यात सुटतो, आणि पुठ्ठा, दोरा, खळ हे सगळं नदीत कशाला? सांगाडा चांगला असेल तर जपून ठेवा, घटस्थापनेला आणि दसऱ्याला त्यावरच नवी फुलं लावता येतात. जुनी फुलं रद्दीत जातील, फक्त त्यांवर चमकी किंवा प्लॅस्टिक लावलेलं नको. चमकी तशीही लहान मुलांच्या कामात आणूच नका, डोळ्यात जाते.

बालवाडीताई

रद्दीत टाकण्याआधी मुलांना विचारा. बरीच मुलं आपलं फूल घरी मागतील. म्हणूनच प्रत्येक फुलाच्या तळाला मागच्या बाजूने मुलाचं नाव लिहून ठेवायचं, आणि कड्याला फुलं कायमची न चिकटवता दोऱ्याने बांधायची. सोडायला सोपं जातं.

रानजाई

मग माझं ठरलं: टिंटची पानं चिकटवायची, फुलं सगळी बांधायची. २१ फुलांना एकेक, म्हणजे २१ भोकं. पुठ्ठा मिळालाय, वॉशिंग मशीनचा. केशरी, पिवळा आणि पांढरा क्रेप दप्तर यांनी सांगितल्याप्रमाणे आजच आणला, डब्यात ठेवलाय. एकच राहिलं, दाभण नेमकं किती जाड घ्यावं? दोऱ्याची दोन्ही टोकं एका भोकातून जायला हवीत.

दप्तर

पोती शिवायचं दाभण घ्या. भोक पाडून झालं की मागच्या बाजूने प्रत्येक भोकावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि परत टोचा, म्हणजे दोरा ओढताना पुठ्ठा फाटत नाही. दोन टोकांची गाठ मारताना मध्ये काडीपेटीतल्या काडीचा गूल काढलेला तुकडा अडकवा. दोरा आत सरकत नाही आणि नंतर काडी ओढली की फूल सुटतं.